फौजदाराच्या पोटातली सुई

१

बातमी दिली ती काउंटरवरच्या बाईंनी, आणि तीही मान वर न करता.

"पोटात सुई आहे. उद्या सकाळी नऊला ऑपरेशन. रात्री काही खायला देऊ नका. आणि हे आजचं बिल."

मुंगीनं आजोबांचं बोट घट्ट धरलं. मुंगी नऊ वर्षांची. सदानकदा जमिनीकडे बघत काहीतरी वेचत असते, म्हणून आजोबांनीच तिला हे नाव ठेवलं होतं. आणि पोटात सुई असलेला फौजदार म्हणजे तिचा बोका. करडा, अंगावर काळे पट्टे, आणि चाल अशी की गल्लीतली कुत्रीसुद्धा बाजूला होत. पण दोन दिवस झाले, साहेबांनी खाणं सोडलं होतं. वाडग्यापाशी जायचे, वास घ्यायचे, पुढच्या पंजानं गाल ओरबाडायचे आणि तसेच परत फिरायचे. म्हणून आज सकाळी आजोबा आणि मुंगी त्याला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन आले होते. "तपासणीसाठी दिवसभर ठेवू," असं तेव्हा सांगितलं होतं.

आजोबांनी चष्मा पुसून बिल वाचलं.

"सकाळी सांगितलं होतं त्याच्या हे तिप्पट आहे."

"सकाळचा अंदाज असतो, आजोबा. हे बिल आहे."

"आणि ही औषधी आंघोळ? ती कोणी मागितली?"

"डॉक्टरांनी लिहिली."

"आम्हाला विचारलं?"

बाईंनी बिलावर शिक्का मारला. एका कानाला फोन, दुसऱ्या हातात शिक्का, समोर तीन माणसं, आणि आवारात एक कुत्रं जीव तोडून भुंकतंय. आजोबांनी पैसे दिले.

"पोटात सुई, तर रात्री इथेच नको का ठेवायला?"

"रात्री इथे कोणी नसतं. घरीच न्या. ही एक्स-रेची फिल्म. पिंजरा चार, आत जाऊन घ्या."

आत कोणीच नव्हतं. लादी फिनेलनं ओली होती. मुंगी ओळीनं पिंजरे बघत धावली आणि खिडकीकडच्या अगदी शेवटच्या पिंजऱ्यापाशी थबकली. कोपऱ्यात डोकं खुपसून बसलेली ती पाठ आणि तो फाटका डावा कान तिनं लांबूनच ओळखला.

"हा बघा आमचा!"

आजोबांनी अलीकडच्या पिंजऱ्याच्या कडीला अडकवलेला लाल पट्टा काढला. त्यावरचं घुंगरू फौजदाराचंच होतं. पट्टा त्यांनी खिशात टाकला.

दोघं घरी निघाले. जी मुलगी रोज रस्त्यातले खांब मोजते, ती आज नुसती पायांकडे बघत चालली होती. घरी आल्यावर आजोबांनी कोट खुंटीला लावला, फौजदाराला टोपलीतून सोडलं आणि मागे वळून पाहिलं तर मुंगी दारामागे उभी. ओठ दाबलेले. डोळे भरलेले.

"आजोबा," ती म्हणाली, "सुई कोणाची ते मला माहीत आहे. फौजदाराला मीच मारलंय."

२

आजोबा घाईनं "छे छे" म्हणाले नाहीत. लहान मुलानं मोठी गोष्ट सांगितली की आधी खाली बसावं, हे त्यांना ठाऊक होतं. गुडघे कुरकुरले, पण ते लादीवर बसले.

"सांग."

तीन दिवसांपूर्वी मुंगी मोज्याची बाहुली शिवत होती. डोळ्यांच्या जागी बटणं लावायची होती. आईनं बजावलं होतं, सुई कामाची आहे, संपलं की डबीत. मुंगी पाणी प्यायला उठली आणि परत येऊन बघते तर सुई नाही. तिनं सगळी लादी हातांनी चाचपली. मग आई रागवेल म्हणून गप्प बसली. दुसऱ्या दिवसापासून फौजदारानं खाणं सोडलं.

"तो दोऱ्याशी खेळतो ना," मुंगी हुंदके देत म्हणाली. "त्यानं गिळली असणार. आणि आता त्याचं पोट कापणार."

आई इस्पितळात नर्स होती आणि या आठवड्यात तिची दुपारपाळी होती. ती यायला अजून बराच वेळ होता.

"हे बघ," आजोबा म्हणाले, "आधी बघायचं, मग मोजायचं, मग रडायचं. रडणं शेवटी. तिथपर्यंत पोचेतो बहुतेकदा त्याची गरज उरत नाही. जा, कागद-पेन्सिल आण. आपण लिहून काढू."

मुंगीनं टेबल धुंडाळलं, दप्तर उलटं केलं.

"पेन्सिल नाही सापडत."

"वेणीत काय खोवलंय?"

मुंगीनं वेणीला हात लावला आणि ओशाळली.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," आजोबा म्हणाले. एवढ्या दुःखातही ती किंचित हसली, आणि आजोबांना तेवढंच हवं होतं.

आजोबांनी चाळीस वर्षं रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढली होती. लोक अजूनही त्यांना पार्सलमास्तर म्हणत. त्यांनी फिल्म खिडकीच्या काचेवर धरली आणि खणातून भिंग काढलं. काळ्या फिल्मवर बरगड्यांचा पांढरा कंगवा होता आणि त्याच्या खाली एक छोटी, लख्ख पांढरी रेघ.

"काय दिसतंय? ओळखू नकोस. नुसतं दिसतं ते सांग."

मुंगीनं नाक काचेला टेकवलं. "सुई. एक टोक बारीक. आणि दुसरं... दुसरं जाड आहे. एकदम जाड. खिळ्यासारखं."

"तुझी सुई कशी होती?"

"लांब. सगळीकडे सारखीच. मागे नेढं, दोरा ओवायचं."

"आता भिंगातून बघ. हिचं नेढं कुठे?"

मुंगी बराच वेळ बघत राहिली. "मागे नाहीच! टोकापाशी बारीक ठिपका आहे. आजोबा, नेढं पुढे कसं असेल?"

"शिवणयंत्राच्या सुईला नेढं पुढेच असतं, टोकाला. आणि मागचा जाड खुंट यंत्रात बसतो. आपल्या घरी शिवणयंत्र आहे?"

"नाही."

"कधी होतं?"

"नाही!"

"मग ही तुझी सुई नाही."

मुंगीनं श्वास सोडला. तो तिनं कधीपासून धरून ठेवला होता कोण जाणे. पण लगेच तिच्या कपाळावर आठी आली.

"मग यंत्राची सुई त्यानं खाल्ली कुठे? तो तर गल्लीबाहेर जातच नाही."

आजोबा उत्तर देणार, तेवढ्यात मुंगी किंचाळली. फौजदार पाण्याच्या भांड्यापाशी गेला होता. भांड्याभोवती पाणी सांडलं होतं, आणि त्या ओल्या लादीवर, एकामागून एक, लालभडक पावलं उमटत होती.

"रक्त! आजोबा, रक्त!"

३

आजोबांनी लाल ठशावर बोट टेकवलं, नाकाशी नेलं, आणि मग मुंगीपुढे धरलं.

"या रक्ताला रंगाच्या डबीचा वास येतोय. कालचं सूर्यास्ताचं चित्र कुठे वाळत घातलं होतंस?"

"जमिनीवर. आणि फौजदार त्याच्यावरून चालत गेला. मी ओरडले पण होते त्याला." मुंगी थांबली. "माझा पाण्याचा रंग!"

तिनं मागचा पंजा हळूच उचलून बघितला. बोटांच्या बेचक्यात लाल रंग वाळून बसला होता. ओल लागली की सुटत होता.

"आता बिल वाच. मोठ्यानं. चौथी ओळ."

"औषधी आंघोळ." मुंगीचे डोळे मोठे झाले. "आंघोळ घातली असती तर हा रंग..."

"तर दवाखान्याच्या मोरीतून गेला असता. फौजदाराला कोणी पाण्याचा थेंबसुद्धा लावलेला नाही."

"म्हणजे खोटं बिल! चोर आहेत ते!"

"थांब. चोर म्हणणं सोपं असतं, म्हणून ते सगळ्यात शेवटी म्हणावं. पावतीवर पिंजरा कितवा?"

"चार."

"तुला फौजदार सापडला तो कितवा?"

मुंगीनं डोळे मिटून बोटं मोजली. "एक, दोन, तीन, चार... शेवटचा. पाचवा."

"आणि मी पट्टा काढला तो अलीकडच्या कडीवरून. म्हणजे चार नंबरच्या." आजोबांनी पट्टा खिशातून काढून जमिनीवर ठेवला. "आमच्या ऑफिसात नव्या माणसाला पहिला धडा देत, लेबल मालाला बांधायचं, फळीला नाही. फळी जागची हलत नाही, माल हलतो. यांनी एक्स-रे काढायचा म्हणून पट्टा सकाळीच काढून ठेवला आणि फळीला बांधला."

मुंगी हळूहळू म्हणाली, "चार नंबरमध्ये दुसरंच मांजर होतं. त्याला आंघोळ घातली. त्याचाच एक्स-रे काढला. आणि नाव लिहिलं फौजदाराचं."

"शाब्बास."

मुंगीनं आनंदानं टाळी वाजवली आणि फौजदाराला उचलून त्याच्या पोटात तोंड खुपसलं. सुई नाही! ऑपरेशन नाही! आणि मग, तसंच त्याला धरलेलं असताना, तिचा चेहरा उतरला.

"पण आजोबा, मग सुई ज्याच्या पोटात आहे, त्या मांजराला कोणी सांगितलंच नसेल."

आजोबांनी घड्याळ पाहिलं. साडेसहा. दवाखाना आठला बंद होत असे. त्यांनी खुंटीवरचा कोट ओढला.

"टोपली घे. फौजदारसाहेबांना साक्षीला न्यायचंय."

४

"पैसे परत मिळत नाहीत," काउंटरवरच्या बाई त्यांना बघताच म्हणाल्या.

"पैशांचं नंतर बघू. मला फक्त एवढं सांगा, आज पाच नंबरच्या पिंजऱ्यात कोणाचं मांजर होतं?"

"तसं सांगता येत नाही."

"बरोबर आहे तुमचं. मग मला सांगू नका. फक्त तुम्ही त्यांना फोन करा आणि विचारा, मांजर घरी आलं तेव्हा त्याला साबणाचा वास येत होता का."

बाईंचा शिक्का हवेतच थांबला. पहिल्यांदाच त्यांनी मान वर केली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. दोघींचं काम महिनाभर त्या एकट्या करत होत्या, हे पुढे कळलं.

पिंजऱ्यांचं बघणारे दादा हात पुसत बाहेर आले. मिशा पिकलेल्या, गमबूट ओले.

"दादा," आजोबा अगदी सहज म्हणाले, "सकाळी पिंजरे धुतलेत तेव्हा मांजरं कुठे ठेवली होती?"

"मोठ्या खोक्यांत. दोन खोकी, दोन मांजरं. धुऊन झाल्यावर परत घातली."

"ज्याची त्यात?"

"तर! तीस वर्षं..." दादा बोलता बोलता अडखळले. त्यांनी टोपलीत बघितलं. फौजदारानं त्यांच्याकडे बघितलं. "दोन्ही करडीच होती. पट्टेवाली." आवाज बारीक झाला. "ह्याला मी आंघोळ घातलेली नाही. ज्याला घातली, त्यानं मला बोचकारलं ते या हातावर. त्याचा कान शाबूत होता."

बाई फोन लावू लागल्या होत्या. घंटा वाजत होती. वाजत राहिली. परत लावला. परत वाजत राहिली.

"उचलत नाहीत. पत्ता लिहिलाय नुसता, बाजारामागची गल्ली. नाव लावलंय तेही मांजराचंच. गुंडी."

बाजारामागच्या गल्लीत दीडशे दारं होती. आजोबांचा अंगठा कोटाच्या कॉलरखाली सरकला. विचारात पडले की तो नेहमी तिथेच जाई. एकदम त्यांनी हात झटकला. "काय चावतंय कोण जाणे," असं पुटपुटून ते मुंगीकडे वळले. "सकाळी बाकावर आपल्या शेजारी कोण होतं?"

"एक काकू! त्यांचं मांजर फौजदारासारखंच होतं, मी म्हटलं पण, जुळे भाऊ. त्या शाळेतल्या बाई असतील, बोटांना खडू लागलेला होता."

"कसला खडू?"

"निळा. पर्समधून पैसे काढताना तो खाली पडला, मी उचलून दिला." मुंगी आठवू लागली. "पण तो गोल नव्हता. चपटा होता. साबण संपत आला की कशी चिपटी उरते, तसा. आणि टोपलीत मांजराखाली कापडाच्या चिंध्या होत्या, सगळ्या रंगांच्या."

"चपट्या खडूनं फळ्यावर लिहितात?"

मुंगीनं क्षणभर विचार केला. मग ती ओरडलीच, "कापडावर! त्या कपडे शिवतात! म्हणून यंत्राची सुई!"

"आणि म्हणून फोन उचलत नाहीत. यंत्राच्या खडखडाटात घंटा कोणाला ऐकू येणार?"

मागचं दार उघडलं होतं. डॉक्टर केव्हापासून तिथे उभे होते. त्यांनी आजोबांच्या हातातली फिल्म घेतली, दिव्यावर धरली, आणि मग टोपलीतल्या फौजदाराच्या पोटावरून बोटं फिरवली.

"त्या बाईंना मी पचनाची पूड देऊन घरी पाठवलं," ते हळू आवाजात म्हणाले. "सुई आत आहे हे मला दुपारपासून माहीत होतं. फक्त कोणाच्या आत, हे माहीत नव्हतं. दादा, टेबल तयार ठेवा. दवाखाना आज आठला बंद होणार नाही."

५

गल्लीत शिरल्यावर आजोबा थांबले आणि म्हणाले, "आता कान लाव."

मुंगीनं कान लावला. भांडी, रेडिओ, कोणीतरी कोणाला तरी झापतंय. आणि या सगळ्याच्या खाली, खट-खट-खट-खट. ती पळाली. तिसऱ्या वळणावर उघडं दार, आत दोन शिवणयंत्रं, आणि एकावर वाकलेल्या सकाळच्या काकू.

"काकू, गुंडी कुठेय?"

यंत्र थांबलं. "अगं, सकाळची तूच ना? गुंडी झोपलीये इस्त्रीच्या टेबलाखाली. घरी आणल्यापासून हललीच नाही. बरं झालं दाखवून आणलं, डॉक्टर म्हणाले काही नाही. भला माणूस, आंघोळसुद्धा फुकट घातली!"

आजोबांनी काय झालं ते थोडक्यात सांगितलं. काकूंनी यंत्राच्या खणात हात घातला, सुयांची पुडी काढली, मोजली. एक कमी भरली.

"एक मोडली म्हणून परवा बदलली. नवीचा स्क्रू नीट आवळला नव्हता, ती खाली पडली होती. दोरा ओवलेली. मला वाटलं, सापडेल झाडताना." त्या टेबलाखाली गुंडीपाशी जाऊन बसल्या. "मीच केलं हो हे."

मुंगी त्यांच्याजवळ गेली. तासाभरापूर्वी हेच शब्द तिच्या तोंडात होते.

"काकू, आधी बघायचं, मग मोजायचं, मग रडायचं," ती म्हणाली. "रडणं शेवटी. आता नुसतं उचलायचं आणि पळायचं."

६

दीड तासानं डॉक्टर बाहेर आले. हातात छोटी वाटी. वाटीत वीतभर दोरा आणि त्याला लटकलेली सुई, एका बाजूला जाड.

"उद्यापर्यंत थांबलो असतो तर आतडं फाटलं असतं," ते म्हणाले. "आता काळजी नाही. आणि आज रात्री मी इथेच थांबणार आहे."

काकूंनी पदराला डोळे पुसले आणि मुंगीच्या डोक्यावर हात ठेवला. बोटांचा निळा खडू तिच्या केसांना लागला.

"पण डॉक्टर," मुंगी म्हणाली, "मग आमच्या फौजदाराला काय झालंय?"

डॉक्टरांनी आजोबांकडे पाहिलं. "मास्तर, तुम्हीच सांगा. आज तुमचा दिवस आहे."

"मी मांजरांचा डॉक्टर नाही. पण कालचा रंग आज संध्याकाळपर्यंत पंजाला राहिला. धडधाकट मांजर तो दहा मिनिटांत चाटून काढतं. यानं चाटला नाही. भूक आहे, वाडग्याशी जातो, पण खात नाही. गाल ओरबाडतो. दुखणं पोटात नसावं, तोंडात असावं. तोंड कोणी उघडून बघितलं का?"

कोणीच बघितलं नव्हतं. दादांनी फौजदाराला टॉवेलात गुंडाळलं, डॉक्टरांनी जबडा उघडला, दिव्याचा झोत पाडला आणि चिमटा आत घातला. एक "कट्" असा आवाज झाला. टाळूला आडवा अडकलेला माशाचा काटा टेबलावर पडला. फौजदारानं दोनदा जीभ फिरवली, सगळ्यांकडे तुच्छतेनं पाहिलं आणि दादांच्या दुसऱ्या हातावर बोचकारा काढला.

"दोन्ही हातांचा हिशेब जमला," दादा म्हणाले.

काउंटरवरच्या बाईंनी जुनं बिल घेतलं, त्यावर आडवी रेघ मारली आणि नवं लिहिलं. त्यात एकच ओळ होती, काटा काढणे. "अंदाज नाही हा," त्या किंचित हसल्या. "बिलच आहे." आजोबांनी उरलेले पैसे परत घेतले. मग जाडा पुठ्ठा आणि सुतळी मागून घेतली, आणि तिथेच बाकावर बसून दादांना पार्सलाची गाठ शिकवली. घट्ट बसणारी, पण गळ्याला न काचणारी. "मांजराच्या गळ्यात कागदी लेबल. त्याला धातू नाही, एक्स-रेला काढावं लागत नाही." पहिलं लेबल गुंडीच्या गळ्यात गेलं.

घरी आई येऊन थांबली होती. सगळी कथा ऐकता ऐकता तिनं आजोबांचा कोट खुंटीला लावायला घेतला, आणि "आई गं!" म्हणून बोट तोंडात घातलं. कॉलरच्या मागे, कापडात व्यवस्थित खोवलेली, एक लांब सुई चमकत होती. सगळीकडे सारखी, नेढं मागे.

आईनं ती ओढून काढली. कोपऱ्यात फौजदार दोन दिवसांचं एकदम खात होता, त्याचा चपचप आवाज येत होता.

आजोबा हळूच खुर्चीवर बसले. "पोत्यांची शिवण उसवली की लगेच टाके घालायला सुई हाताशी लागायची. चाळीस वर्षं ती तिथेच खोवत आलो. त्या दिवशी फिरायला निघालो तेव्हा लादीवर काहीतरी चमकलं, कोणाच्या पायात जाईल म्हणून उचललं असेल. हातांनी केलं, डोक्याला पत्ता नाही." त्यांनी मुंगीकडे पाहिलं. "तीन दिवस तू घाबरून राहिलीस, रडलीस, ते माझ्यामुळे. चुकलो मी, बेटा."

मुंगी त्यांच्या मांडीला टेकून उभी राहिली. आजोबा चुकले असं तिनं कधी ऐकलंच नव्हतं. ते फार मोठं काहीतरी दिल्यासारखं वाटत होतं, आणि ते कुठे ठेवावं तिला कळेना.

"मीपण आईला सांगितलं नव्हतं," ती शेवटी म्हणाली. "सांगितलं असतं तर तेव्हाच सापडली असती."

"हो."

"पण मग तुम्ही भिंग काढलं नसतं. मग गुंडी..."

"हो. तेही खरं."

मुंगीनं आईच्या हातून सुई घेतली आणि डबीत ठेवली. मग थांबली. वहीच्या पानाचा छोटा तुकडा फाडला, वेणीतली पेन्सिल काढून त्यावर काहीतरी लिहिलं, सुई परत बाहेर काढली, नेढ्यात दोरा ओवला आणि कागद त्याला बांधला. डबीला नाही, सुईला.

आजोबांनी चष्मा वर करून वाचलं. कागदावर लिहिलं होतं, "मुंगीची. आजोबांना दिसल्यास कॉलरमध्ये खोवू नये."